दोनशे चाळीस दिवस भरू न देण्याची किंमत

सकाळी पावणेसातला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक्सलो पॉइंटला पाच मिनिटं उभं राहिलं की अंबडचं सगळं गणित डोळ्यांसमोर येतं. शेअर रिक्षातून उतरणारी पोरं, पाठीवर सॅक, पायात सेफ्टी शूज, आणि बाजूला मोबाइलवर यादी बघत नावं पुकारणारा ठेकेदाराचा माणूस, अमुक गेटला आठ पाहिजेत, तमुक गेटला तीन. त्यातली बरीच पोरं मी ओळखतो, कारण कधी ना कधी ती माझ्या नाहीतर शेजारच्या गाळ्यात काम करून गेलेली असतात. आज या गेटवर, सात महिन्यांनी त्या गेटवर, परत सात महिन्यांनी तिसरीकडे. पंचविशी येईपर्यंत पाच कंपन्यांची ओळखपत्रं घरात पडलेली असतात आणि पाचही कार्डांवर पद एकच, हेल्पर.

मी अंबडला सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देतो. सहा मशीन, बावीस माणसं. त्याआधी बारा वर्षं सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर होतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी बघितलंय, आणि आता जे लिहितोय ते माझ्यासारख्याच छोट्या कारखानदारांना आवडणार नाही हे मला माहितीये. तरी लिहितो, कारण गेली काही वर्षं जिथे जाल तिथे एकच वाद ऐकतोय. एक जण म्हणतो कारखान्यांनी रोजगार दिला पाहिजे, दुसरा म्हणतो रोजगाराचं सोडा, प्रॉडक्टिव्हिटी वाढवा, नाहीतर चीन आणि व्हिएतनामपुढे टिकणार नाही, रोबो बसवा, माणसं कमी करा. जणू काही दोन्हीतलं एकच मिळणार. माझं म्हणणं असं की आपण जी पद्धत लावून घेतलीये त्यात दोन्ही हातचं जातंय, आणि त्याचं मोठं कारण ही सात महिन्यांची नोकरी आहे.

सात महिनेच का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभरात २४० दिवस काम भरलं की कायद्याच्या हिशोबात ती एक वर्षाची सलग सेवा धरतात. मग काढायचं तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, आणि जिथे स्टँडिंग ऑर्डर (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम) लागू असतात तिथे टेंपररी माणूस पर्मनंटचा हक्क सांगू शकतो. म्हणून २४० च्या आत 'ब्रेक' द्यायचा. ठेकेदार बदलायचा, नाव बदलायचं, ट्रेनी म्हणायचं, काहीही करायचं पण आकडा भरू द्यायचा नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की पोरगं जॉइन होतानाच विचारतं, शेठ, ब्रेक कधी?

मी पण दिलाय ब्रेक. एकाची गोष्ट सांगतो, नाव नको. निफाडकडचा पोरगा, बारावी नापास, आला तेव्हा माप घ्यायचा व्हर्नियर हातात धरता येत नव्हता. पहिले दोन महिने नुसतं लोडिंग-अनलोडिंग आणि बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धातूची कुसळं, काढणं. तिसऱ्या महिन्यात मायक्रोमीटर, म्हणजे त्याहून बारीक माप घ्यायचं साधन, शिकला. मायक्रोमीटर वाचणं दहा मिनिटांत शिकवता येतं पण त्याची रॅचेट किती फिरवायची, पीस किती दाबला की खरं माप येतं, ते बोटांना कळायला आठवडे जातात. सहाव्या महिन्यात त्याने एकदा मला मशीनपाशी बोलावलं, म्हटला, आवाज बदललाय. मला काही ऐकू आलं नाही. मशीन थांबवून बघितलं तर इन्सर्टची, म्हणजे टूलवरच्या कापणाऱ्या तुकड्याची, कड नुकती झिजायला लागली होती, अजून मापात काही फरक नव्हता पण दहा-वीस पीसनंतर नक्की पडला असता. तिथे उभा राहिलो आणि मनात म्हटलं, हा सेटर होणार, म्हणजे मशीन लावून माप जुळवून देणारा. आणि पुढच्याच महिन्यात ऑर्डर थोडी ढिली होती, अकाउंटवाल्याने तारीख दाखवली, आणि मी त्याला ब्रेक दिला.

त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराने तिसऱ्या आठवड्यात ऑफसेट (टूलची जागा दुरुस्त करायला मशीनला द्यायचा आकडा) टाकताना दशांश चिन्ह दोन घरं चुकवलं. शून्य पॉइंट शून्य एकच्या जागी शून्य पॉइंट एक पण नाही, त्याच्याही पुढे, पूर्ण एक मिलिमीटर, तेही उलट्या दिशेने. टूल चकवर, म्हणजे पीस पकडणाऱ्या भागावर, आपटलं. टरेटचं (टूल धरणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट गेलं, सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून यायला चार दिवस, मशीन एकूण नऊ दिवस बंद, वर गिऱ्हाइकाच्या शिव्या. त्या पोराची काय चूक? तीन आठवड्यांच्या माणसाला मी त्या पॅनेलपुढे एकटा उभा केला होता, चूक माझी.

आता हिशोब बघा. त्या आधीच्या पोराचं वर्ष भरू दिलं असतं आणि नंतर खरंच काम नसतं म्हणून कमी करावं लागलं असतं तर कायद्याने मला काय द्यावं लागलं असतं? एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. म्हणजे जास्तीत जास्त दीड महिन्याचा पगार! मशीनच्या दुरुस्तीचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं, आणि नऊ दिवसांचं गेलेलं प्रॉडक्शन वेगळं. सरकारची परवानगी घेऊनच माणूस कमी करायचा हा नियम आधी शंभर आणि त्याच्या वरच्या कारखान्यांना होता, नव्या लेबर कोडमध्ये (कामगार कायद्यात) तो तीनशेवर गेलाय, माझ्या बावीस माणसांच्या युनिटला तो कधीच लागू नव्हता. तरी मी त्या भीतीने वागत होतो, कारण सगळेच वागतात. ज्या कायद्याची ढाल पुढे करून आपण ब्रेक देतो तो आपल्यापैकी निम्म्यांनी कधी नीट वाचलेला पण नाही.

अंबड-सातपूरच्या कुठल्याही मालकाला विचारा, त्याची पहिली तक्रार काय असते? सेटर मिळत नाही. स्किल्ड माणूस मिळत नाही. आयटीआयवाले काही शिकवत नाहीत. पण सेटर काही आयटीआयमधून थेट बाहेर पडत नसतो हो, तो मशीनपाशी तीन-चार वर्षं एका जागी उभा राहून तयार होतो. हेल्परचा ऑपरेटर होतो, ऑपरेटरचा सेटर होतो. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय की दोनशे चाळीसच्या पुढे कोणाला जाऊ द्यायचं नाही, आणि मग सगळे मिळून विचारतोय की सेटर गेले कुठे.

हे नुसतं नाशिकचं दुखणं असतं तर एवढं लिहिलं नसतं. कारखान्यांच्या सरकारी वार्षिक पाहणीत नोंदणीकृत कारखान्यांतल्या कामगारांपैकी कंत्राटी किती ते दिसतं, २००० च्या आसपास पाचात एक होता, आता पाचात दोन आहेत. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात लिहिलं होतं की २०२२ पर्यंत जीडीपीत कारखानदारीचा वाटा २५ टक्के करायचा आणि दहा कोटी नवे रोजगार द्यायचे. २०१४ मध्ये मेक इन इंडिया आलं, २०२० पासून पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेलं सरकारी अनुदान, आलं. २५ तर सोडाच, आपण २० ला पण पोचलो नाही, आणि देशात काम करणाऱ्या दर शंभरातले साधारण अकरा-बारा जणच कारखानदारीत आहेत, शेतीत अजून चाळीसच्या वर. दक्षिण कोरियात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चारातल्या एकाहून जास्त लोक कारखान्यात होते. दानी रॉड्रिक नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी यालाच अकाली निरौद्योगीकरण म्हटलंय, म्हणजे देश श्रीमंत व्हायच्या आधीच कारखान्यांतला रोजगार उतरणीला लागणं. जुन्या देशांना जो जिना चढायला मिळाला तो आता अरुंद झालाय, मशीन जास्त करतं, माणूस कमी लागतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही.

पण मग कारखान्यांचा नाद सोडून सगळे सर्व्हिस सेक्टरमध्ये जा म्हणणाऱ्यांना मी माझ्या आईचं उदाहरण देतो. आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला पानं आणि कात्री, आणि मोजमाप हजाराचं. हजार विड्यांना इतके पैसे, खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे काही नाहीत. ती भयंकर भरभर वळायची, गल्लीत तिच्याएवढा हात कोणाचा चालायचा नाही. पण तो वेग तिला लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आला आणि पुढची पंचवीस वर्षं तेवढाच राहिला, कारण दोन हातांनी दिवसात किती विड्या होतील त्याला एक हद्द असते. तिचा दर वाढला तो मोर्चांनी आणि महागाईने, तिचं काम कधीच वाढू शकलं नाही. माझ्याकडचा माणूस मात्र पहिल्या वर्षी एक मशीन बघतो, चौथ्या वर्षी दोन मशीन बघून वर फिक्स्चरमध्ये (पीस पकडायच्या साच्यात) बदल सुचवतो आणि सायकल टाइममधले, म्हणजे एका पीसला लागणाऱ्या वेळातले, आठ सेकंद कमी करतो. त्याचा पगार दुप्पट केला तरी मला परवडतो. जास्त पगार कोणाच्या तरी खिशातून काढून न घेता देता येतो तो असा. आमच्या एकाच जिल्ह्यात सिन्नरची विडी आहे, येवल्याचा हातमाग आहे, मालेगावचे पॉवरलूम आहेत आणि ओझरला लढाऊ विमानं बनतात. कष्ट सगळीकडे सारखेच आहेत, मग घरात येणारा पैसा सारखा का नाही हे बघितलं तर प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

ओझरचं नाव निघालंच तर तेवढं सांगतोच. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, विमान कारखाना १९६४ चा. मिग-२१ पासून सुरुवात, पुढे सुखोई-३०, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क १ए उडालं तेव्हा आमच्या गाळ्यातली पोरं मोबाइलवर बघत होती. एका विमानाकडून दुसऱ्या विमानाकडे जाता आलं ते तिथली माणसं तीस-तीस वर्षं टिकली म्हणून, मिगवर हात बसलेल्याने सुखोईवाल्याला शिकवलं. सरकारी कंपनी आहे, तिला पैशाची काळजी नाही असं लोक म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. पण शिकलेलं कारखान्याच्या आत साठत राहतं ते माणसांच्याच रूपाने, यात सरकारी-खासगी काही नसतं.

आणि खासगीचाच दाखला पाहिजे तर हेन्री फोर्डचा घ्या. १९१३ मध्ये त्याच्याकडे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात साडेतीनशेच्या वर माणसं घ्यावी लागत होती, इतकी गळती. १९१४ च्या जानेवारीत त्याने रोजचा पगार दुपटीहून वाढवून पाच डॉलर केला आणि पाळी आठ तासांची केली. दयेपोटी नाही केलं, असेंब्ली लाइनवर रोज नवा माणूस असेल तर लाइन चालत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. उलटं उदाहरण इथिओपियाचं. तिथे काही संशोधकांनी पाच ठिकाणच्या सुमारे हजार अर्जदारांमध्ये चिठ्ठ्या टाकून कारखान्याच्या नोकऱ्या दिल्या आणि पुढे काय होतं ते बघितलं. एक तृतीयांश लोक पहिल्याच महिन्यात सोडून गेले, वर्ष संपेपर्यंत चारातले तीन गेले. पगार बाहेरच्या फुटकळ धंद्यापेक्षा जास्त नव्हता आणि तब्येतीला त्रास जास्त होता. कारखाना आला म्हणजे रोजगार आला असं आपण धरून चालतो ना, ते एवढं सोपं नाही.

आपल्या जवळचं पण एक उदाहरण आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग झाला होता, काहींना फुकट कन्सल्टंट दिले. कन्सल्टंटनी काय केलं तर फार काही नाही, मशीनच्या मेंटेनन्सची वही ठेवा, सुताचा स्टॉक लेबल लावून ठेवा, जमीन साफ ठेवा, डिफेक्ट कुठे येतोय ते रोज लिहा. पहिल्या वर्षात प्रॉडक्टिव्हिटी १७ टक्के वाढली, नवं मशीन न घेता! पण काही वर्षांनी परत जाऊन बघितलं तर सुरू केलेल्यातल्या साधारण निम्म्या गोष्टी बंद पडलेल्या होत्या, आणि त्याचं एक मोठं कारण काय सापडलं तर मॅनेजर बदलले. शिकलेला माणूस गेला, वही बंद झाली. मॅनेजरच्या बाबतीत जे होतं तेच मशीनपाशी उभ्या माणसाच्या बाबतीत होतं, फक्त ते मोजायला कोणी येत नाही.

आता मालकाच्या बाजूने पण बोललं पाहिजे, कारण मी तिथेच बसतो. मोठ्या कंपनीचं शेड्यूल, म्हणजे किती माल कधी द्यायचा ते, सोमवारी येतं, बुधवारी बदलतं, शुक्रवारी निम्मं होतं. कायद्याने पेमेंट ४५ दिवसांत आलं पाहिजे, आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून मला एकदा पाच महिन्यांनी मिळालेलं आहे, तेही चार वेळा त्यांच्या अकाउंट विभागात जाऊन बसल्यावर. ज्याला पुढच्या महिन्याच्या पगाराचे पैसे कुठून येतील ते माहीत नाही तो माणसाला कायम करणार कसा? त्यामुळे सगळा दोष छोट्या कारखानदाराच्या डोक्यावर टाकला तर मला ते मान्य नाही. वरची कंपनी आपली अनिश्चितता व्हेंडरवर, म्हणजे आमच्यासारख्या माल पुरवणाऱ्यावर, ढकलते, व्हेंडर ठेकेदारावर आणि ठेकेदार त्या एक्सलो पॉइंटला उभ्या पोरावर. त्या पोराच्या खाली कोणी नसतं.

म्हणूनच सरकारचा पैसा कशासाठी जातो ते बघायला पाहिजे. पीएलआयला जवळपास दोन लाख कोटी ठेवले, आणि तो पैसा मुख्यतः वाढीव विक्रीवर मिळतो, माल किती विकला ते बघतात, किती माणसं किती काळ टिकली ते बघत नाहीत. त्यापेक्षा १ ऑगस्ट २०२५ पासून जी विकसित भारत रोजगार योजना सुरू झाली ती मला जास्त बरोबर वाटते. त्यात पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याला पंधरा हजारांपर्यंत मिळतात पण दोन हप्त्यांत, पहिला सहा महिने टिकल्यावर आणि दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला माणसामागे महिन्याला तीन हजारांपर्यंत, दोन वर्षं, आणि कारखानदारीत चार वर्षं. सात महिन्यांत ब्रेक दिला की त्या पोराचा दुसरा हप्ता लांबतो नाहीतर बुडतो आणि माझेही पैसे थांबतात. पहिल्यांदाच असं झालंय की ब्रेक देणं कागदावर पण महाग पडतंय. नोव्हेंबर २०२५ ला लेबर कोड लागू झाले त्यात फिक्स्ड टर्मवाल्यालाही, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्यालाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आली. चांगली गोष्ट आहे, फक्त मला भीती ही की त्या एका वर्षाच्या आत काढायची नवी पद्धत पडेल, सातच्या जागी अकरा महिने. तसं झालं तर आपण परत तिथेच.

त्या निफाडच्या पोराला मी नंतर फोन केला होता. तो आता डिलिव्हरीची गाडी चालवतो, गंगापूर रोडची साइड. ज्या बोटांना मायक्रॉन कळत होते ती बोटं आता पार्सलवरचा ओटीपी टाकतात. कमाई माझ्याकडे होती त्याच्या थोडी वरच आहे म्हणाला, पेट्रोल धरलं तर तेवढीच. ये परत म्हटलं. त्याने विचारलं, शेठ, सात महिन्यांसाठी का? मी म्हटलं नाही, लिहून देतो. विचार करतो म्हणाला, आणि आला नाही. त्याचा राग धरण्यासारखं काही नाही. अर्थशास्त्रात म्हणतात ना की माणसं शेतीतून कारखान्यात जायच्या ऐवजी थेट कमी प्रॉडक्टिव्हिटीच्या सर्व्हिसमध्ये चाललीत, त्यातला एक तरी मीच पाठवलेला आहे.

आता मोठ्या कंपन्यांना एकच मागणं आहे. तुमचे लोक आमच्याकडे ऑडिटला येतात तेव्हा भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स बघतात. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, एक तक्ता असतो, माणसाचं नाव आणि पुढे गोल, गोलाचे चार भाग. एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करू शकतो, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कित्येक गाळ्यांत ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी क्वालिटीवाला मार्कर घेऊन ते गोल भरत बसतो, नावाच्या जागी स्टिकर लावलेले असतात कारण नावं सारखी बदलतात. ऑडिटर फोटो काढतो, टिक करतो, जातो. गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारतात, फायर एक्स्टिंग्विशरची तारीख बघतात, पण या माणसाची तारीख काय, हा इथे किती महिने आहे, ते बारा वर्षांत मला एकाही ऑडिटरने विचारलेलं नाही. ते विचारा. आणि ज्याच्याकडे माणसं टिकतात त्याला शेड्यूल तीन महिन्यांचं पक्कं द्या आणि पेमेंट ४५ दिवसांच्या आत करा, दर वाढवून नका देऊ हवं तर.

आमच्या तक्त्यावर गेल्या दिवाळीत मी जॉइनिंगच्या तारखेचा कॉलम वाढवलाय आणि स्टिकर काढून नावं पेंटरकडून रंगवून घेतलीत. बावीसपैकी चौदा जणांना दोन वर्षं झालीत. चारही भाग भरलेले गोल सध्या तीन आहेत.